बांबूवरचा अननस

काइ रांगच्या तरंगत्या बाजारात बिक थूई वीस वर्षं होडीतून अननस विकत होती. आता तिला गाईड व्हायचं होतं, म्हणून इंग्रजीची तोंडी परीक्षा. पाठ केलेली उत्तरं ती घडाघडा म्हणायची. सगळं आपलं ‘छान’ नाहीतर ‘खूप छान’!

शिकवणारा खोआ वैतागला. “ताई, होडीच्या बांबूला काय टांगता?”

“अननस! न दिसणारा माल कोण घेणार?”

“मग बोलताना माल का लपवता?”

परीक्षेत परीक्षक बाईंनी आवडतं फळ विचारलं. थूईने पाठांतर दिलं सोडून आणि हातवारे करत सुटलीच: सुरीखाली करकरणारी साल, कोपरापर्यंत ओघळणारा रस, जिभेला झोंबणारी तिखट-मिठाची चिमूट!

बाईंच्या तोंडाला पाणी सुटलं. “तुमची होडी कुठे उभी असते हो?”