मे महिन्यातला स्वेटर

लालबागेतल्या माझ्या शेजाऱ्याकडे चिंचिलाची जोडी आहे. थंड डोंगरातले हे दाट केसांचे, सशासारखे प्राणी. त्यांच्या खोलीत एसी चालतो आणि हा ओट्यावर वारा घेत बसतो. पिल्लांना चांगलं घर मिळेपर्यंत नर-मादीला त्यानं वेगळं ठेवलंय. मी लेकीसाठी पिल्लू मागितलं.

"पयले घर देखू द्या, भाऊ. मंग पिल्लू." त्याचं बहुतेक बोलणं 'पयले'नंच सुरू होतं.

मे महिन्यात भरदुपारी तो आला, तो लोकरी स्वेटर आणि कानटोपी घालून! पिल्लासाठी ठरवलेल्या आमच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत दार लावून बसला. मी हबकलोच. बाहेर आला तेव्हा घामानं निथळत होता.

"नाही भाऊ. इथं जीव नाही जगनार. मी जोडी नाही लावत."

मला हसू फुटणार होतं, तेवढ्यात आठवलं. त्या खोलीत रोज दुपारी आई झोपते.