ओतूरची क्लिपवाली मॅडम

माझ्या कामात पेशंटचं तोंड सतत उघडं असतं, पण त्याला बोलता येत नाही. त्यामुळे बोलायचं काम सोबतची माणसं करतात! ओतूरला एसटी स्टँडजवळ वाकडे दात सरळ करायचा दवाखाना टाकला, तेव्हापासून जितक्या क्लिपा लावल्या त्याहून जास्त किस्से गोळा झालेत. मैत्रिणी म्हणतात, लिहून ठेव. घ्या तर मग!

* * *

बोरीचे एक द्राक्ष बागायतदार. मुलीला क्लिप लावली तेव्हा मी त्यांना हिरड्या-हाडं समजावू लागले. मला थांबवून त्यांनीच बाहेर बसलेल्यांना सांगितलं, "येल कशी तारंवर हळूहळू वळवायची! लई वढली की मोडती. दाताचंबी तसंच."

माझ्यापेक्षा सोपं सांगितलं. मी खूश!

महिन्याने आले ते बोटाला पट्टी बांधून.

"द्राक्षांची तोडणी चालू व्हती, यायला सवड न्हवती. म्हणलं, तार तर आपून रोजच ताणतो. घरीच पकड लावली."

"अहो, काय केलंत हे!" मी ओरडलेच. "मग?"

"मग काय, पोरीनं कडकडून चावलं." पट्टी सोडून त्यांनी बोट माझ्यासमोर धरलं. "पण मॅडम, वळ बघा की! कसे एका रांगंत उठल्यात!"

* * *

पुण्यातल्या डॉक्टरांना पेशंट ट्रॅफिकची कारणं देतात. मला राजुरीहून फोन आला, "आज जमायचं न्हाई मॅडम. रस्त्याच्या कडंला बिबट्या बसलाय."

मला बहाणा वाटला. म्हटलं, फोटो पाठवा. आला! उसाच्या कडेला बसून बिबट्या मस्त जांभई देत होता. मी मुकाट्याने पुढची तारीख दिली.

खाली मेसेज होता, "सुळं लई फुडं हायेत. याला क्लिप बसंल का?"

* * *

बाजारपेठेतले कापड दुकानवाले शेठजी. घराणं मूळचं राजस्थानी जैन, पण मराठी माझ्याहून अस्सल. वय बेचाळीस. दात एकमेकांवर चढलेले, त्यामुळे जेवताना रोज गाल चावला जायचा.

"या वयात होतं का?"

"होतं. वेळ जरा जास्त लागतो. आणि सुरुवातीचे काही दिवस खाताना दुखेल."

त्यांनी मोबाइलवर कॅलेंडर उघडलं. "पर्युषणात अठ्ठाई करणारच आहे. आदल्या दिवशी लावा. आठ दिवस खायचंच नाही, तर दुखून दुखून दुखणार किती?"

तसंच केलं. पारणं करून आले, अजिबात त्रास नाही!

"फक्त एक करा मॅडम. यापुढे तार टाईट करायची ती वर्षातून एकदाच!"

* * *

आणि हौसाबाई. आंबेगावच्या डोंगराकडून दोन एसट्या बदलून यायच्या. भात-नाचणीची शेती, वय पंचेचाळीस, वरचे दात बरेच पुढे.

पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मला फोटूत मिरवायचं न्हाई, मॅडम. एकदा तोंडावरचा पदर काढून हसायचंय. लगीन झाल्यापास्नं तशी हसलेच न्हाई."

मी म्हटलं, दोन वर्षं लागतील.

"लागू द्या."

सोबत नवरा, किसनभाऊ. हा माणूस म्हणजे गमतींचं पोतं! बाहेर बसलेले पेशंट पोट धरून हसायचे. हौसाबाई मात्र पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळायच्या. त्यांचे हसरे डोळे मला आतल्या दारातून दिसायचे, किसनभाऊंना नुसती पाठ.

अखेर क्लिप निघाली. आरशात बघून बाई बाहेर आल्या, तर किसनभाऊ एसटीत कोंबडा घेऊन चढलेल्या पाहुण्याची गंमत रंगवून सांगत होते. शेवटाला आले तसा हौसाबाईंचा हात सवयीने पदराकडे गेला, मध्येच थांबला, आणि त्या हसल्या. खदाखदा, सगळे दात दाखवून!

किसनभाऊ बघतच राहिले.

"तुला हसू येतं व्हय गं?" ते हळूच म्हणाले. "पंचवीस वर्सं मला वाटायचं, माझ्या गमती तुला आवडतच न्हाईत."

"लई आवडत्यात," हौसाबाई म्हणाल्या.

किसनभाऊंनी टोपी काढली, परत घातली आणि बाकावर सरकून जागा केली.

"मग बस हितं. पहिल्यापास्नं सगळ्या परत सांगाया लागतील!"