साडेअठराच्या वेणूबाई

काशीदच्या अलीकडे आमचा कोळीवाडा. गेल्या वर्षी तिथे आरोग्य शिबिर झालं. बायकांची बोटं टोचायचं काम माझं, कारण मी आशाताई. एकीचं हिमोग्लोबिन आठ, दुसरीचं नऊ आणि वेणूबाईंचं साडेअठरा! मी मशीन पुसून पुन्हा लावलं, तरी तेच. सरपंचांनी त्यांना नारळ दिला. टाळ्या वाजवण्यात मीच पुढे. एवढी प्रशिक्षणं घेतली, पण डोकं घरी ठेवून.

त्या दिवसापासून वेणूबाई वाड्याच्या डॉक्टरीणबाई झाल्या. साठीची बाई, गाल लालबुंद, ओठ मात्र जांभळट. दात घासायची मशेरी भाजण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पूड उडू नये म्हणून खिडकी घट्ट लावायची आणि वाड्याभराची तंबाखू तव्यावर काळी करायची, हे तीस वर्षं चाललेलं. रक्त कशानं वाढलं, असं विचारलं की ठसक्यात सांगत, "धुरानं! धूर खाल्लेलं माणूस पक्कं व्हतं." एवढं बोलूनही त्यांना धाप लागायची. ती म्हणे वयाची.

यंदा त्यांची सून दिशा पाचव्या महिन्यात, रक्त आठ. मी दिलेल्या लोहाच्या गोळ्या फडताळात गेल्या आणि सासूबाईंनी तिला रोज तव्यापाशी बसवलं. मी चिडले, पण साडेअठरापुढे माझं कोण ऐकतं?

परवा मासळीची टोपली उचलताना वेणूबाई कोसळल्या. दिशानं आणि मी त्यांना अलिबागला नेलं. डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावला. ऑक्सिजन ब्याऐंशी.

"पन रगत तर भरपूर हाय माझं," वेणूबाई म्हणाल्या.

"म्हणूनच काळजी आहे, आजी. धुरानं फुप्फुसं गेलीत. प्राणवायू कमी पडला की किडनीतल्या पेशींना ते कळतं. त्या हाडांना निरोप धाडतात, रक्त वाढवा. हाडं बिचारी इमानानं वाढवत बसतात. रक्त दाट होतं, गाठ धरू शकतं. थोडं काढावं लागेल."

"मग ते हिला द्या."

"तसं देता येत नाही. घरात एवढा धूर करतं कोण? ही पोटुशी आहे. बाळाला प्राणवायू हिच्याच रक्तातून मिळतो."

मी तोंड उघडणार, तोच दिशा खाली बघत म्हणाली, "मीच करते."

वेणूबाई खाटेवर उठून बसल्या. "न्हाय डॉक्टर, खोटं बोलते ती. मीच केला. हिला धरून बसवली मी." पुढचं बोलायला त्यांना श्वास पुरला नाही.