पावणं

शाहूपुरीतली आमची अख्खी गल्ली त्यांना आक्का म्हणायची. उन्हाळ्यात कुणाच्याही घरची चटणी कुटायला डंकावर जायची ती आक्कांनी मिरच्या हातात घेऊन बघितल्यावरच. गल्लीतला कुठलाही पोरगा, मग त्याला टक्कल का पडेना, त्यांच्यासाठी 'लेका' होता. "लेका, जेवला न्हाईस. तोंडावर दिसतंय की!" म्हणत आत ओढायच्या. परका माणूस मात्र 'पावणं'.

आई गेल्यावर मी कॉलेज संपेपर्यंत त्यांच्याकडंच जेवलो. पुढं रंकाळ्याकडं फ्लॅट घेतला. गावातच होतो, तरी जाणं राहूनच गेलं.

गेल्या दिवाळीत एकदाचा गेलो. आक्का दारात लसूण सोलत बसल्या होत्या. वर बघून म्हणाल्या, "या पावणं, बसा. च्या घेणार?" वयानं विसरल्या असतील, असं मी धरून चाललो. खरं सांगतो, सुटल्यासारखंच वाटलं. चहा पिऊन निघालो.

परवा त्यांच्या बाराव्याला त्यांच्या सुनेला म्हणालो, "वहिनी, शेवटी मला ओळखलं नव्हतं हो आक्कांनी."

"कोण म्हणतंय?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही गेल्यावर रडल्या की. म्हनल्या, माझा लेक पावण्यासारखा आलता. च्यावरच गेला."