डोळे शेवटी

आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. जोहे गावाहून एसटीने पेण, तिथून रेल्वेगाडीने रोहा. पहिले दोन महिने मी वर्गात कोणाशी धड बोलले नाही. तिथे काय बोलतात, हे घरी विचारायलाही कोणी नव्हतं. मैदानाच्या कडेला डबा खाताना मुलींचा कबड्डीचा संघ दिसायचा. त्या बारा जणी सतत एकमेकींना ढकलत, चिडवत असायच्या. मला खेळता येत नाही, पण त्यांच्यात बसावंसं फार वाटायचं.

मला रंगवता तेवढं येतं. बाबा गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात आणि सुट्टीत मीही तिथे मूर्तींचे पीतांबर, शेले रंगवते. दुकानात क्रिकेटवाल्यांची कार्डं मिळतात, तशी या बारा जणींची करायची, असं मी ठरवलं. जुन्या लग्नपत्रिका एका मापात कापल्या. मागे प्रत्येकीची जागा, ताकद आणि कमजोरी लिहिली, पुढे चित्र काढलं. कारखान्यातल्या रीतीप्रमाणे आधी अंगाचा रंग, मग कपडे, डोळे शेवटी.

आठवडाभर ती कार्डं नुसती दप्तरातून फिरली. मग एकदा धीर करून गठ्ठा कॅप्टनच्या हातात दिला आणि बाजूला उभी राहिले. तिने आपलं कार्ड जवळ धरलं, लांब धरलं.

"अगं, मी चढाईला चाललेय की आरती घ्यायला बसलेय?"

सगळ्या हसल्या. मग माझ्याही लक्षात आलं. बाराही जणींना लांबट, शांत, किंचित खाली झुकलेले डोळे होते. लहानपणापासून पाहिलेली तीच एक आखणी हाताने बारा वेळा केली होती. दुरुस्त करून आणते, असं काहीतरी पुटपुटत मी गठ्ठा घेतला आणि चारच्या गाडीला पळाले.

घरी बाबांनी कार्डं पाटावर मांडली. तेही हसतील असं वाटलं होतं.

"रेघ चांगली हाय गो तुझी," ते म्हणाले. "पण देवाला कोणाला पकडायचं नसतं. या पोरी कुठं बघतात, ते बघितलंस काय?"

नव्हतं बघितलं. मी वेण्या बघितल्या होत्या, टी-शर्टाचे रंग बघितले होते.

पुढचे चार दिवस सराव सुरू झाला की मी रेषेजवळ बसायचे. कॅप्टन उजव्या कोपऱ्याकडे टक लावते आणि पाय टाकते डावीकडे. डाव्या कोपऱ्यातली समोरचीच्या तोंडाकडे बघतच नाही, तिचं लक्ष गुडघ्यांवर. एक जण बाद झाली की पंचांकडे असं बघते, जणू त्यांनी तिचा डबा खाल्लाय. मी जुन्या डोळ्यांवर पांढरा रंग दिला आणि बाबांच्या बारीक ब्रशने नवे आखले.

पाचव्या दिवशी मी गठ्ठा पुन्हा कॅप्टनला दिला. या वेळी कोणी हसलं नाही. कॅप्टनने आपलं कार्ड शोधून काढलं. मग म्हणाली, हे समोरच्या संघाला चुकूनही दाखवू नकोस, माझी सगळी चढाई यात आहे. दहा मिनिटांत अदलाबदल सुरू झाली. एका कॅप्टनला दोन कोपरे, असा भाव निघाला. पंचांवर डोळे वटारणारीचं कार्ड मात्र तिला स्वतःलाच परत मिळेना, इतकं ते सगळ्यांना हवं होतं.

मी दप्तर उचललं, तेव्हा कॅप्टनने एक उरलेलं कोरं कार्ड मागितलं. चौघी त्यावर वाकून कुजबुजत लिहीत होत्या. मग ते माझ्या हातात आलं.

जागा: रेषेच्या बाहेर, डब्याजवळ. ताकद: बघते. कमजोरी: चारच्या गाडीला पळते.

त्या दिवशी मी चारची गाडी सोडली. घरी फोन करून उशिरा येते म्हणून सांगितलं. बाबांनी कारण विचारलं नाही. "डोळे जमले ना?" एवढंच विचारलं. जमले, म्हटलं.