नारळावरचं पिल्लू

सानपाड्याच्या बागेत रोज सकाळी एक गृहस्थ माझ्या बाकावर येऊन बसत. सत्तरीचे असतील. नाव मी कधी विचारलं नाही. घार दिसली की कपाळावर हात धरून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहत.

"पक्षी आवडतात वाटतं तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"गिधाडं शोधतो. इथे नसतात, ठाऊक आहे, पण सवय जात नाही." मग म्हणाले, "कोकणात गुरांच्या दवाखान्यात होतो. आजारी गुरांना इंजेक्शनं मीच टोचायचो. गुरं मेली की गिधाडं ती खायची आणि त्या औषधानं मरायची. आम्हाला कुठे माहीत होतं? औषधावर बंदी आली, तोवर गावचं आभाळ रिकामं झालं होतं."

गेल्या महिन्यात ते जवळजवळ धावतच आले. गावाहून पुतण्यानं व्हिडिओ पाठवला होता. नारळाच्या शेंड्यावर घरटं आणि त्यात गिधाडाचं मळकट पिल्लू, चोच उघडून आईकडे खाणं मागणारं.

त्यांनी तो मला तीनदा दाखवला. चौथ्यांदा एकटेच बघत बसले. व्हिडिओ संपला, तरी अंगठ्यानं त्या पिल्लाची मान कुरवाळत राहिले.

"त्याला माझं काहीच ठाऊक नाही," ते म्हणाले, "किती बरं आहे!"