डॉक्टर असेकेन्येविरुद्ध त्रेचाळीस सह्या

ज्या हातांनी तुमचं मूल जिवंत बाहेर काढलं, त्या हातांविरुद्ध तुम्ही कधी सही केली आहे? मी केली आहे. यादीत पहिलं नाव माझंच: ओलुका, चेअरमन, मोटारसायकल-टॅक्सी थांबा, ओलुपे गाव.

डॉक्टर असेकेन्ये आमच्या टेसो भागातलीच. बाप शाळेची घंटा वाजवायचा, आई भुईमूग लावायची. राजधानीत, कंपालात शिकली. तिथेच राहिली असती तर आज काचेच्या दारामागे बसली असती. ती परत आली आणि टेकडीवरच्या मिशन दवाखान्यात बारा वर्षं राबली. दुपारनंतर बाजारातल्या पत्र्याच्या खोलीत स्वतःचं क्लिनिक. पाटी तिनेच रंगवलेली, वाकडी. तोंडाने फटकळ. बायकोला उशिरा आणणाऱ्या नवऱ्याला दारातच झापायची, "बायको आहे का कसाव्याचं पोतं?" माझ्या गाडीवाल्यांना ओरडायची, "खड्डा चुकव रे, मागे दोन माणसं आहेत!" पण आलेली बाई तिने कधी परत पाठवली नाही.

मार्चमध्ये गावातल्या अमुलेनला बाळंतपणासाठी मीच गाडीवरून आणलं. वेळेत आणलं. रात्री बारा वाजता दवाखान्याच्या पायरीवर होतो. पोट उघडलं आणि वीज गेली. जनरेटर चालेना, टाकीत थेंब नव्हता. डिझेल कुठे जातं ते टेकडीवरच्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं: व्यवस्थापक एदिआऊच्या गाडीत. नर्स इकिरिंगने मोबाइलचा उजेड धरला. आई वाचली. मूल गेलं.

मी अमुलेनच्या सासूला घेऊन खिडकीखाली बसलो होतो, म्हणून पुढचं माझ्या कानांनी ऐकलं. डॉक्टरने ऑपरेशनच्या वहीत लिहिलं होतं: 'वीज गेली. जनरेटरला डिझेल नव्हतं.' एदिआऊ गोड आवाजात म्हणाला, "बाई, ती ओळ बदलू. 'रुग्ण उशिरा आली' लिहा. गावकऱ्यांची सवयच आहे ती. कोण विचारतंय?"

"मी विचारतेय. बाई बाराला आली."

"दवाखान्याचं नाव जाईल हो."

"मग डिझेल ठेवायचं होतंत."

"बघू," तो हसला, "टेकडीवर कोण राहतं ते."

दोन आठवड्यांनी चर्चच्या हॉलमध्ये सभा. विषय, दवाखान्याची प्रगती. चपात्या, सोडा. आमच्याकडे सभा म्हटली की हजेरीचा कागद फिरतोच: नाव, गाव, फोन, सही. सही नाही तर सोडा नाही. त्या कागदाचा वरचा भाग कोरा होता. पोलिसाची पावती दोनदा वाचणारा मी, मला त्यात काही खटकलं नाही. उलट पोरांवर खेकसलो, "सह्या करा रे गाढवांनो, आपली संख्या दिसली पाहिजे!"

दिसली. त्या कोऱ्या जागेत नंतर टाइप झालं: 'आम्ही खाली सही करणारे गावकरी कळवतो की डॉक्टर असेकेन्ये बायांना हाकलून लावते. अमुलेनचं मूल तिच्याच हलगर्जीपणामुळे गेलं.' खाली त्रेचाळीस सह्या. सोबत इकिरिंगचा जबाब: टाकी भरलेली होती. त्या पोरीला टाका घालायला डॉक्टरने शिकवलं होतं, स्वतःचा हात तिच्या हातावर धरून. आज ती मुख्य नर्स आहे. कंपालाच्या वैद्यकीय परिषदेचं पत्र आलं: निकाल लागेपर्यंत डॉक्टरने कुठेही रुग्ण तपासायचा नाही. दवाखाना सुटलाच, बाजारातल्या खोलीलाही कुलूप लागलं.

मी तिच्या आईच्या घरी गेलो. ती अंगणात शेंगा सोलत होती.

"या, पहिली सही. बसा."

"डॉक्टर, ती हजेरी होती! आईची शपथ!"

"ते मला पहिल्या दिवशीच कळलं. एदिआऊचा मला राग नाही, तो तसाच आहे. इकिरिंगच्या घरी खाणारी तोंडं सात. पण पत्र येऊन दोन महिने झाले, चेअरमन. गावभर झालं. आणि तुम्ही आज येताय."

"लाज वाटत होती."

"तुमच्या लाजेने माझं कुलूप उघडत नाही."

तिने शेंगांनी भरलेलं सूप माझ्याकडे सरकवलं. "नुसते बसू नका. सोला."

दुसऱ्या दिवसापासून मी दारोदार फिरलो. एकोणीस जण परिषदेपुढे खरं सांगायला तयार झाले. बाकीचे? "चेअरमन, बायको दवाखान्यात धुण्याला आहे." "उद्या पोर आजारी पडलं तर एदिआऊ आत घेईल का?" एक तर म्हणाला, "फटकळच होती ना ती!" त्याची बायको जिवंत आहे ती त्या फटकळ बाईमुळे. मी त्याची गचांडी धरली, लोकांनी सोडवलं. चूक झाली. त्याने आता येणं नाकारलंय.

डॉक्टरचा वकील सांगतो, एकोणीस म्हणजे निम्मेही नाहीत. परिषद म्हणेल, तुम्ही माणसं फोडलीत. सुनावणी बुधवारी आहे. त्या दिवशी तिचं नाव डॉक्टरांच्या यादीत राहील किंवा कायमचं खोडलं जाईल.

त्या कागदावर तुमची सही असेल, तर मंगळवारी सकाळी सहा वाजता थांब्यावर या. कंपालाला जायची बस मी सांगून ठेवली आहे. ओळखपत्र आणा. डॉक्टरची स्तुती करू नका, एदिआऊला शिव्या देऊ नका. सभेत तुम्ही कशावर सही केली होतीत, तेवढंच स्वतःच्या तोंडाने सांगा.